पुढच्या बाकावरची केतकी

साहेब तपासणीला येणार म्हटलं की चिंचणेवाडीच्या शाळेत आदल्या दिवशी बाकांची फिरवाफिरव व्हायची. हुशार पोरं पुढं, मधली मध्ये, आणि ज्यांना अजून जोडाक्षरं दमवतात ती मागच्या कोपऱ्यात. हर्षदाबाई मगदूम नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या पहिल्या हेडमास्तरांनी त्यांना आणखी एक युक्ती शिकवली होती. साहेबांनी प्रश्न विचारला की वर्गातल्या सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांना हातांचं रान दिसायचं आणि बाई त्यातला एखादा उजवा हात निवडायच्या.

दोन हजार एकेचाळीस साल उजाडेपर्यंत साहेब यायचे बंद झाले आणि त्यांच्या जागी भिंतीवर कॅमेरा आला. बाईंची युक्ती मात्र राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या हसत म्हणायच्या. यात कुणाचं वाईट करायचा हेतू नव्हता. कोपऱ्यातल्या पोरांना त्या शाळा सुटल्यावर थांबवून जीव तोडून शिकवायच्या. फक्त त्यांचं अडखळणं परक्यानं बघू नये, एवढंच त्यांना वाटे. चांगल्या माणसाची खोड जायला कठीण, कारण तिला कुणी नावं ठेवत नाही. हीच खोड बाईंच्या पोटच्या पोरीवर कशी आली, त्याची ही गोष्ट.

केतकी त्यांची एकुलती एक लेक. पाचवीत गेली ती आईच्याच वर्गात. शाळेत 'मॅडम' म्हणायचं आणि घंटा झाली की 'मम्मी', हा दोघींचा करार होता आणि केतकीनं तो कधी मोडला नाही. बोलायला फटाकडी. शिरोळकडच्या मुली बोलतात तशी 'मी येतो, मी जातो' म्हणायची आणि उत्तर येवो न येवो, दोन्ही हात वर करायची. बाई रागवायच्या तेव्हा म्हणायची, "मॅडम, निम्मं येतंय मला. मग एक हात कसा वर करू?"

श्रावणात तिला ताप आला. तो उतरेना. पायांवर निळे डाग दिसायला लागले तेव्हा भरतेश, म्हणजे केतकीचे वडील, तिला गाडीत घालून मिरजेला घेऊन गेले. रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, आता हा आजार बहुतेक मुलांमध्ये बरा होतो, पण उपचार लांबचे आहेत. वर्षभर तरी गर्दीत जायचं नाही.

भरतेशनी आपली भाजीच्या रोपांची नर्सरी भावाच्या हवाली केली आणि ते मिरजेत खोली घेऊन राहिले. बाईंची रजा संपत आली होती. आठवडाभर शाळा आणि शनिवारी दुपारी मिरज, असा त्यांचा फेरा सुरू झाला. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभ्या उभ्या त्या रडायच्या, मग तोंड धुऊन शाळेत जायच्या.

त्या दवाखान्यात आजारी मुलांसाठी एक छोटी शाळा होती. तिथल्या शिक्षिका एस्तेर चांदेकर, मिरजेच्याच. पन्नाशीच्या, ठेंगण्या आणि बोलायला सरळ. दुसऱ्याच शनिवारी त्यांनी बाईंच्या हातात एक यंत्र ठेवलं. जेवणाच्या डब्याएवढं, वर एक गोल भिंग आणि खाली जाळी.

"याला सहाध्यायी म्हणतात," एस्तेर मॅडम म्हणाल्या. "हे केतकीच्या बाकावर ठेवायचं. तिला बरं असेल तेव्हा ती यातून वर्ग बघेल, बोलेल. तिला बरं नसेल तेव्हा हेच तिच्या वतीनं बसेल. तिच्या आवाजात उत्तरं देईल, शंका विचारेल, आणि संध्याकाळी तिला तिच्याच भाषेत सांगेल की आज काय झालं."

"म्हणजे केतकीची नक्कलच की," बाई म्हणाल्या.

"तिच्या शिकण्याची. बाई, तुम्ही इतकी वर्षं शिकवताय. प्रत्येक पोर आपापल्या तऱ्हेनं चुकतं, हे तुम्हाला मी काय सांगू? एक जण हातचा विसरतो. एक जण प्रश्न अर्धाच वाचतो. मूल कुठं थांबतं, किती थांबतं, आवाज कुठं खाली जातो, काय चार दिवसांत विसरतं आणि काय कधीच विसरत नाही, हे यंत्र टिपतं आणि त्यावरून त्या मुलाचा एक आराखडा बनवतं. म्हणून हे यंत्र मुलासारखंच विसरतं. मुद्दामच तसं केलंय."

"विसरणारं यंत्र घेऊन काय करायचं?"

"न विसरणारी यंत्रं जगात भरपूर आहेत. त्यांच्याशेजारी बसून आजारी मुलाला आणखी आजारी वाटतं." एस्तेर मॅडमनी डबा उलटा करून एक बटण दाखवलं. "दर आठवड्याला केतकीचा नमुना घ्यायचा. थोडं वाचन, थोडं गणित, थोड्या गप्पा. त्यावरून डब्यातली केतकी पुढं सरकेल. म्हणजे ती खऱ्या केतकीच्या नेहमी आठवडाभर मागं राहील. त्यामुळं केतकीला कायम कुणीतरी शिकवायला मिळेल. शिकवता शिकवता माणूस स्वतः किती शिकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मात्र एक गोष्ट पाळायची. नमुन्यात हात घालायचा नाही. चूक, थांबणं, चिडणं, रडणं, जसं असेल तसं जाऊ द्यायचं. दवाखान्यातले डॉक्टरही तेच बघतात."

ते कशासाठी, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी समजावलं. हा आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात दडून बसतो, म्हणून पाठीच्या कण्यातून औषध सोडावं लागतं. त्या औषधानं जीव वाचतो, पण काही मुलांच्या मेंदूत एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणारे जे तंतू असतात, त्यांच्यावरचं आवरण झिजतं. निरोप पोचतात, पण उशिरा. "हुशारी जात नाही," डॉक्टर म्हणाले, "वेग जातो. ते लवकर लक्षात आलं तर आम्ही व्यायाम सुरू करतो, मेंदूचे. वाढत्या वयात त्याचा बराच उपयोग होतो. म्हणून नमुने महत्त्वाचे." बाईंनी मान डोलावली. त्यांना सगळं समजलं होतं.

डबा वर्गात पुढच्या बाकावर, केतकीच्या जागी, तिची जिवलग मैत्रीण सुफिया हिच्या शेजारी बसला. पोरांनी दोन दिवस त्याच्याकडे घाबरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी हजेरीत बाई "केतकी मगदूम" म्हणाल्या आणि डब्यातून "हजर, मॅडम, पण डब्यात" असं उत्तर आलं तेव्हा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून तिचं नाव डब्यातली केतकी.

दर शनिवारी बाई डबा मिरजेला न्यायच्या. सुरुवातीचे नमुने चांगले गेले. मग पाठीतल्या औषधाचा दुसरा फेरा झाला. त्या शनिवारी केतकी उशीला टेकून बसली होती. केस गेले होते, गाल सुजले होते. बाईंनी बटण दाबलं आणि तेराचा पाढा म्हणायला सांगितला.

"तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस," केतकी म्हणत गेली. "तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साते..." ती थांबली. खिडकीबाहेर बघितलं. मग हातांकडे बघितलं. "तेरा साते..."

हा पाढा तिला दुसरीत पाठ होता. सुट्टीत पाहुण्यांसमोर ती तो उलटा म्हणून दाखवायची.

"पुन्हा म्हण," बाई म्हणाल्या.

पुन्हा तिथंच गाडी अडली. "पुन्हा म्हण, बाळ. घाई करू नको." तिसऱ्यांदा केतकी रडायला लागली. चौथ्यांदा बाईंनी "एक्क्याण्णव" असं ओठ हलवून सांगितलं आणि तिनं पाढा पुरा केला. मग केतकी भिंतीकडे तोंड करून झोपली. बाईंनी तिच्या पायापाशी बसून आधीचे तीन प्रयत्न पुसले आणि चौथा पाठवला.

त्यांना आपण काही चुकीचं करतोय असं वाटलं नाही. आज पोरीला बरं नव्हतं, एवढंच. आजारी दिवसाचा पेपर कुणी धरतं का? बरी झाली की आपोआप येईल. दुसऱ्या शनिवारी त्यांनी लांबलेले थांबे कापले. तिसऱ्या वेळी केतकी "मला न्हाई बोलायचं, जा तू" म्हणून ओरडली होती, तेवढं काढलं. पुढं पुढं तर सवयच झाली. पुढच्या बाकावर बसवण्याजोगी तेवढीच केतकी त्या पाठवत गेल्या. बाकीची केतकी कोपऱ्यात राहिली.

आणि डब्यातली केतकी बहरली! यंत्र बिचारं त्याला मिळेल त्यावर वाढणार. त्याला जी मुलगी कळली होती तिला कधी उलटी झाली नव्हती, कधी आठवता आठवता डोकं दुखलं नव्हतं. अपूर्णांक तिला एका दमात समजले. सुफियाला ती वाटणीचे हिशेब समजावून सांगायची. परिपाठाच्या वेळी सुविचार सांगून वर एखादा आगाऊ विनोद करायची. पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची.

बाईंचंही तेच झालं. शाळा सुटल्यावर त्या वर्गात एकट्याच वह्या तपासत बसत. घंटा झाली की डब्यातून आवाज यायचा, "मम्मी, सुटली का शाळा? आज तू त्या मागच्या पोरांवर लई ओरडलीस." बाई हसायच्या. त्यांना हसायला दुसरी जागा नव्हती. मिरजेतली मुलगी त्यांच्याशी दोन शब्दांवर बोलत नव्हती, आणि इथं त्यांची श्रावणाआधीची पोर जशीच्या तशी बसली होती. त्या तिला बाजारात काय मिळालं ते सांगत. भाजीला काय करू, म्हणून विचारत.

एकदा गप्पा अशा रंगल्या असताना भरतेशचा फोन आला. "ती तुझी वाट बघतीया. आज स्वतःहून म्हणाली, मम्मीला फोन लावा म्हणून."

"घरी पोचून लावते," बाई म्हणाल्या. पोचल्यावर त्यांनी लावला, तेव्हा केतकी झोपी गेली होती. त्याचं बाईंना वाईट वाटलं, पण वाटायला हवं होतं तितकं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ते जगाला दिसतं. मांजराला ते कोण सांगणार?

केतकी सहावीच्या मध्यावर परत आली; बाईही वर्गाबरोबर सहावीलाच आल्या होत्या. रोग हटला होता, गोळ्या चालू होत्या. पोरांनी फळ्यावर फुलं काढली, सुफियानं आपल्या हातानं तिचा बाक पुसला. डबा बाकावर तिच्या शेजारीच ठेवायचा होता. अडेल तिथं त्यानं हळूच आधार द्यायचा, अशी योजना होती.

पहिल्या तासाला बाईंनी तिला धडा वाचायला सांगितला. केतकी उभी राहिली. पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीत थांबली, मागं गेली, पुन्हा आली. वर्ग ऐकत होता. कुणी हसलं नाही, पण वह्यांची पानं चाळायचा आवाज सुरू झाला. तेवढ्यात शेजारून तिच्याच आवाजात, तिच्याच पूर्वीच्या खणखणीत आवाजात, कुणीतरी म्हणालं, "अगं, सोपं हाय की. पुढचं मी वाचू?"

यंत्राचा त्यात दोष नव्हता. त्याला ठाऊक असलेल्या केतकीला ते खरंच सोपं होतं.

आठवडाभरात पोरांनी आपल्या शंका पुन्हा डब्याला विचारायला सुरुवात केली. वाईटपणा कुणाच्याच मनात नव्हता, सुफियाच्याही नाही. पण खेळाच्या सुट्टीत केतकी पायरीवर एकटी बसलेली असायची आणि आत डब्याभोवती घोळका असायचा. कुणाची तरी आजी पोराला न्यायला आली होती, ती बघून म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली बघ ती डबी."

पुढच्या सोमवारी केतकी घरातून निघेना. दप्तर दारात ठेवून खांबाला धरून उभी राहिली.

"चल, परिपाठाला उशीर होतोय," बाई म्हणाल्या.

"मी न्हाई येत. तिला ने."

"असं काय बोलतेस? ते यंत्र आहे."

"तू तिच्यासंगं हसतीस," केतकी म्हणाली. शब्द एकेक करून येत होते, पण येत होते. "माझ्यासंगं तू तपासल्यागत बोलतीस. तुला ती पाहिजे. मी नको."

बाई एकट्याच शाळेत गेल्या आणि दिवसभर काय शिकवलं ते त्यांना आठवेना. केतकी त्यानंतर शाळेत आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. भरतेशनी समजावलं, सुफिया येऊन बसून गेली. पोरीनं पुस्तक हातात धरायचंच सोडलं. एकदा ती वडिलांना म्हणाली, "मला आता नर्सरीतच बसवा. रोपं मोजायला शाळा कशाला पाहिजे?" आणि भरतेश परसात जाऊन बराच वेळ आत आले नाहीत.

शेवटी एस्तेर मॅडम मिरजेहून आल्या. परतलेल्या मुलाला जादा वेळ, सोपी पुस्तकं, मदतनीस वगैरे मिळवून देणं हे त्यांचं कामच होतं. त्यांनी केतकीजवळ बसून तिचं वाचन ऐकलं. मग शाळेत येऊन डब्याशी बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, या दोघी एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत," त्या म्हणाल्या. "असं होत नाही. ही डब्यातली कधी थांबतच नाही. तुम्ही नमुन्यात हात घातलात का?"

शाळेच्या व्हरांड्यात पोरांच्या चपला ओळीनं मांडल्या होत्या. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "थोडं नीटनेटकं केलं," त्या म्हणाल्या. "तिचं रडणं, अडकणं... ते काय कुणाला दाखवायचं?"

"मला दाखवायचं होतं. डॉक्टरांना दाखवायचं होतं." एस्तेर मॅडमचा आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. "आम्ही दर महिन्याला बघायचो आणि म्हणायचो, या मुलीवर औषधाचा काहीच परिणाम नाही, नशीबवान आहे. म्हणून तिचे मेंदूचे व्यायाम सुरू केले नाहीत. ते त्या दुसऱ्या फेऱ्यापासूनच सुरू व्हायला हवे होते. वर्षभर, बाई. आणि आता तिला मदत मिळावी म्हणून मी अर्ज करीन, तर तिथंही हेच नमुने बघतील आणि म्हणतील, मुलगी तर अव्वल आहे."

बाई पायरीवर बसल्या. "आता काहीच होणार नाही?" त्यांनी विचारलं.

"होईल. उशिरा सुरू केलं तर कमी होतं, पण होतं. किती, ते मला सांगता येणार नाही." एस्तेर मॅडम त्यांच्याजवळ टेकल्या. "पण आधी ही डब्यातली पुसावी लागेल. एका मुलाचा एकच आराखडा ठेवता येतो. जुना जपून ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आणि ते बरंच आहे. पुसायचं आणि खऱ्या नमुन्यापासून सुरू करायचं. तुमची सही लागेल, आणि केतकी बारा वर्षांची झाली, तेव्हा तिचा होकार लागेल."

आत वर्गातून आवाज आला, "मम्मी, कोण आलंय गं बाहेर?"

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माणूस गेलं तर रडायला गाव जमतं. ही मुलगी जायची होती आणि तिच्यासाठी रडायची सोय नव्हती, कारण ती घरी खांबाला धरून जिवंत उभी होती.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी केतकीसमोर बसून सगळं सांगितलं. पाढ्याचं, थांब्यांचं, ओरडण्याचं. "मी तुझं निम्मं खोडलं, केतकी," त्या म्हणाल्या. "साहेब आल्यावर मी मागच्या पोरांना लपवते तसं मी तुला लपवलं. माझं चुकलं."

केतकी फरशीवर बोटानं रेघा ओढत राहिली. बाईंना वाटलं, तिला समजायला वेळ लागतोय.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी जागाच होतो. भिंतीकडं तोंड करून. तू माझा आवाज पुन्यांदा पुन्यांदा लावायचीस. रडायचा आवाज यायचा, मग गप व्हायचा." ती थांबली. "मला वाटायचं, मी घाण वाचतो म्हणून तू टाकून देतीस."

भरतेश दारात उभे होते, ते तसेच आत वळले. बाईंनी लेकीला जवळ ओढलं आणि हमसून हमसून रडल्या. केतकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, जरा अवघडूनच, कारण वर्षभर त्या दोघींना त्याची सवय राहिली नव्हती.

"पुसूया का तिला?" मग बाईंनी विचारलं.

"नको," केतकी म्हणाली.

बाईंनी मान वर केली. "तुला तर ती आवडत नाही."

"न्हाईच आवडत. पण मी आजारी पडायच्या आधीचा..." तिला शब्द सापडेना. बाईंचे ओठ हलू लागले. त्यांनी ते मिटून घेतले. "...तेवढाच उरलाय मी. तिला पुसलं की मग कोणच न्हाई."

म्हणजे जिच्यासाठी आपण वर्षभर वर्गात बसून राहिलो, तिच्यासाठीच ही पोरही झुरत होती. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

"ती यंत्रात नाही," बाई म्हणाल्या. "मला आठवतीय ना ती. दोन्ही हात वर करायची. तुला विसरायला झालं तर मी सांगीन. पण तू नसलीस तर मी कुणाला सांगू?"

रविवारी बंद शाळेत ते चौघं जमले. एस्तेर मॅडमनी डबा बाकावर ठेवला. "तिला काही कळत नाही, दुखणार नाही," त्या म्हणाल्या. "दुखेल ते आपल्यालाच." केतकीनं बटणावर बोट ठेवलं आणि आईकडे पाहिलं. बाईंनी तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं. डब्यातली म्हणत होती, "सुट्टीच्या दिवशी शाळा? मॅडम, हा अन्याय..." आणि मग ती थांबली.

थोड्या वेळानं त्याच बाकावर नवा नमुना सुरू झाला. केतकीनं धडा उघडला. ती वाचायला लागली आणि अडली. बाईंनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. 'पुन्हा म्हण' हे शब्द त्यांच्या घशापर्यंत आले आणि परत गेले. केतकी चिडली, पुस्तक आपटलं, रडली, डोळे पुसून पुन्हा पुस्तक उचललं. सगळं डब्यात गेलं. तेराच्या पाढ्यात सातावर ती थांबली ती थांबलीच. "न्हाई येत," ती म्हणाली. तेही गेलं.

"छान," एस्तेर मॅडम म्हणाल्या. "आता आली खरी मुलगी."

त्या दिवसापासून केतकीचे व्यायाम सुरू झाले. घरी भरतेश रोपं मोजताना तिच्याकडून पाढे म्हणवून घेत. ती एक रोप, एक आकडा अशी हळूहळू चालायची. पण शाळेत यायला ती तयार नव्हती. "एकदा बघायला ये," सुफिया म्हणाली. "डब्यातली लई बदललीया. काल मला म्हणाली, थांब, मला आठवू दे." हे ऐकून केतकी पुढच्या सोमवारी आली. पुढच्या बाकावर बसली नाही. मागच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसली. बाईंनी तिला तिथंच बसू दिलं.

दुसऱ्या तासाला पाढे होते. बाईंनी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे पाठ केली. "तेराचा पाढा. पुढच्या बाकावरची केतकी."

डब्यातून पाढा सुरू झाला. सावकाश, एकेक पायरी चाचपत. "तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साते..." शांतता. "तेरा साते... मॅडम, न्हाई येत."

मागच्या कोपऱ्यात केतकी ताठ झाली. तिनं तो थांबा ओळखला. तो तिचा होता, जसाच्या तसा, कुणी न कापलेला.

"कोण सांगेल?" बाईंनी विचारलं.

वर्गभर हात वर गेले, नेहमीच्या शिस्तीत. उजवे हात भरपूर होते. त्यांच्यामागं, भिंतीपाशी, एक हात हळूहळू वर आला. डावा.

इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंनी डावा हात कधी निवडला नव्हता.

"केतकी," त्या म्हणाल्या.

ती उभी राहिली. ओठ हलले, काही आलं नाही. सुफियाला उत्तर येत होतं, तिनं ते दातांखाली धरलं. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. दुसऱ्या वर्गांतली पोरं धावत सुटली. या वर्गातलं कुणी उठलं नाही, कारण बाई फळ्यापाशी तशाच उभ्या होत्या, हात मागं बांधून, जगात दुसरं काही काम नसल्यासारख्या.

"अठ्ठ्याहत्तर," केतकी स्वतःशीच म्हणाली. तिनं बोटं दुमडली, उघडली. पुन्हा दुमडली. "अठ्ठ्याहत्तर... आणि तेरा..." खूप वेळ गेला. "एक्क्याण्णव."

बाई काही म्हणणार, तेवढ्यात पुढच्या बाकावरून आवाज आला, तोच आवाज, जरा दमलेला, शिकायला आलेल्या पोरीचा.

"पुन्हा म्हण की. मला न्हाई आलं ध्यानात."

केतकी कोपऱ्यातून निघाली, बाकांमधून वाट काढत पुढं आली आणि डब्याशेजारच्या आपल्या जागेवर बसली.

"नीट ऐक हां," ती म्हणाली. "घाई करायची न्हाई." आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.